नोटरीचा शिक्का असलेले हक्कसोडपत्र

कोथरूडमधली सदनिका विकायची, असे आईने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवले, तेव्हा कागदपत्रांची काळजी आमच्यापैकी कोणालाच नव्हती. इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईला जिने चढणे अवघड झालेले. माझ्या घराजवळ कर्वेनगरला तळमजल्यावरची एक जागा तिने पसंतही केली होती. बाबांनी ही सदनिका १९९४ मध्ये नोंदणीकृत करारनाम्याने घेतली होती. २०११ मध्ये ते मृत्युपत्र न करता गेले, पुढच्या वर्षी आजीने, मी आणि माझ्या धाकट्या भावाने आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले, आणि सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर आईचे नाव चढवले. मिळकत कराची पावती आईच्या नावाची, महावितरणचे बिल आईच्या नावाचे, त्यामुळे घरही आईचेच, असे आम्ही धरून चाललो होतो. गिऱ्हाईक लवकर मिळाले, एक लाख रुपये इसार घेतला आणि कागदपत्रांच्या प्रती त्यांच्या बँकेकडे गेल्या.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांचे दोन पानी पत्र आले. त्यातले एक वाक्य मला अजून पाठ आहे: ‘सदर हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसल्याने त्यान्वये कोणताही हक्क हस्तांतरित झालेला नाही.’ त्याखाली आणखी एक प्रश्न होता, आणि तो आम्हाला त्या क्षणी कळलाही नाही: ‘मयताच्या मातेच्या वारसांची संमती सादर करावी.’ मयताची माता म्हणजे आमची आजी, आणि तिचे वारस म्हणजे काका आणि आत्या. त्यांचा या घराशी काय संबंध, असे आई दोन दिवस विचारत राहिली.

जानेवारीत आम्ही शिवाजीनगर न्यायालयाजवळ बसणाऱ्या, दिवाणी कामे करणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले की मूळ कागद पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही. (ज्यांना अशी वेळ येईल त्यांनी झेरॉक्स घेऊन जाऊ नये, शाई, शिक्का, मागची बाजू आणि नोटरीच्या नोंदवहीचा क्रमांक हे सगळे मूळ प्रतीवरच नीट दिसते.) पुढच्या भेटीत तो कागद टेबलावर ठेवला. शंभर रुपयांचा मुद्रांक, त्याला जोडलेले दोन कागद, शेवटच्या पानावर नोटरीचा गोल लाल शिक्का, आणि त्या शिक्क्याच्या कडेखाली अर्धवट झाकला गेलेला आजीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. भावाच्या नावापुढे ‘वय : सज्ञान’ असे टंकलेले होते. वकीलबाईंनी त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला, दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांच्यावर पेन्सिलीने रेघ ओढली. सही केली त्या दिवशी त्याला अठरा पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते.

त्या दिवशी जे समजले ते मी शक्य तितक्या नीट लिहिते, कारण पुढची सगळी धावपळ त्यातूनच निघाली. कागदातले दोष दोन जातींचे असतात. काही दोष पैसे भरून किंवा आणखी एक कागद करून निघतात. मुद्रांक शुल्क कमी भरले असेल तर दस्त पुराव्यात घेतला जात नाही, पण कमी पडलेले शुल्क आणि दरमहा दोन टक्क्यांनी होणारा दंड भरला की ती अडचण दूर होते. नोंदणीकृत दस्तात नावाचे अक्षर चुकले, सदनिकेचा क्रमांक चुकला, तर चूक दुरुस्ती पत्र करता येते. दुसऱ्या जातीचे दोष मात्र मुळातले असतात आणि कितीही काळ लोटला तरी ते भरून येत नाहीत. आमच्या तीन पानांत असे दोन दोष होते.

पहिला नोंदणीचा. स्थावर मिळकतीतला शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा हक्क निर्माण करणारा, सोडणारा किंवा संपवणारा दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो, आणि नोंदवला नाही तर कलम ४९ प्रमाणे त्याचा त्या मिळकतीवर काही परिणाम होत नाही. नोटरीसमोर सही केल्याने सही कोणी केली याची साक्ष मिळते. नोंदणीची जागा त्याने भरून निघत नाही. पुण्यात अजूनही अनेक घरांत ‘नोटराइज्ड’ हक्कसोडपत्रे, बक्षीसपत्रे आणि वाटणीपत्रे कपाटात ठेवलेली असतील, आणि ती ज्यांनी केली त्यांनी लबाडीने केली असेही नाही. शंभर रुपयांत आणि एका दुपारीत काम होते म्हटल्यावर लोक तेच करतात. आता उशिरा नोंदवता येईल का, असे मी विचारले. सहीच्या तारखेपासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी हजर करावा लागतो, त्यानंतर दंड भरून आणखी चार महिने मिळतात, आणि त्यापुढे तो कागद नोंदवता येत नाही. नवा दस्त करून पुन्हा सह्या घ्याव्या लागतात. आजी २०१६ मध्ये गेली होती.

दुसरा दोष भावाच्या वयाचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेली, व्यक्ती करार करायला पात्रच नसते, आणि तिने केलेला करार मुळातूनच शून्य असतो, हे ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबीच्या खटल्यात ठरवून टाकले आहे. फसवून किंवा दबाव टाकून घेतलेली सही असती तर तो दस्त रद्द करून घेण्याजोगा झाला असता, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तक्रार करेपर्यंत तो चालू राहिला असता. अज्ञानाच्या सहीचे तसे नसते. तो मोठा झाल्यावर ‘माझी हरकत नाही’ म्हणाला तरी जुना कागद जिवंत होत नाही. आईने पालनकर्ती म्हणून त्याच्या वतीने सही केली असती तर, हा माझा पुढचा प्रश्न होता. अज्ञानाची स्थावर मिळकत हस्तांतरित करायला नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते, आणि इथे तर पालनकर्ती आणि लाभ घेणारी एकच झाली असती, असे उत्तर मिळाले.

एक पळवाट आम्ही शोधून पाहिली, आणि ती का बंद झाली हेही सांगण्याजोगे आहे. घरातल्या घरात तोंडी वाटणी आधीच झालेली असेल आणि कागद केवळ तिची आठवण म्हणून नंतर लिहिलेला असेल, तर त्याला नोंदणी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या ‘काले’ निकालापासून हे मान्य आहे. आमचा कागद तसा वाचता येईल का? वकीलबाईंनी दुसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवले: ‘आम्ही या दस्तान्वये आमचा हक्क आज रोजी कायमचा सोडून देत आहोत.’ ‘या दस्तान्वये’ आणि ‘आज रोजी’ या शब्दांमुळे तो आठवणीचा कागद राहत नव्हता. हक्क सोडण्याचे काम तोच करत होता. वस्तुस्थितीही तशीच होती, त्यामुळे वेगळे काही सांगायचा प्रश्न नव्हता.

मग हिस्से मांडले. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्राविना गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी आणि मुलांबरोबर त्याची आईही येते, आणि हे फार लोकांच्या लक्षात नसते. म्हणजे २०११ मध्ये आई, मी, भाऊ आणि आजी यांना प्रत्येकी एक-चतुर्थांश हिस्सा मिळाला. आजीचे हक्कसोडपत्र निष्फळ ठरल्यामुळे तो चौथा हिस्सा तिच्याकडेच राहिला, आणि ती गेल्यावर त्याचे तीन भाग झाले: एक काकांचा, एक आत्याचा, आणि एक बाबांच्या शाखेचा, म्हणजे माझा आणि भावाचा मिळून. सून म्हणून आईला त्यातले काही मिळाले नाही. काका २०२१ मध्ये गेले, म्हणून त्यांचा बारावा हिस्सा काकू, चुलतभाऊ आणि चुलतबहीण यांच्यात वाटला गेला, एकेकाला छत्तिसावा. ज्या घराला आपण आईचे म्हणत होतो त्यात सात जणांची मालकी निघाली, आणि आईचा स्वतःचा हिस्सा माझ्याहून आणि भावाहूनही कमी. सोसायटीने आईला नामनिर्देशित म्हणून सभासद करून घेतले होते एवढेच. नामनिर्देशनाने सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा हे ठरते, मालकी वारसा कायद्यानेच ठरते.

इथून पुढचे काम कायद्यापेक्षा नात्यांचे होते. उपाय सरळ होता: आईखेरीज सर्व हिस्सेदारांनी आईच्या नावे नवे, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचे. आई स्वतः सहहिस्सेदार असल्यामुळे हक्कसोडपत्र चालत होते. जिचा मिळकतीत हिस्साच नाही अशा व्यक्तीच्या नावे केले असते तर तो व्यवहार बक्षीस ठरला असता. पण काकूंना फोन करून ‘आमच्या घरात तुमचा हिस्सा निघाला आहे, तो सोडून द्या’ हे कसे सांगायचे? भाऊ म्हणाला, फोनवर नको. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघे काकूंकडे चिंचवडला गेलो आणि बँकेच्या वकिलांचे पत्र, जुना कागद आणि हिश्शांचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचार करायला वेळ मागितला. तो त्यांचा हक्कच होता, तरी परतताना गाडीत आम्ही कोणी बोललो नाही.

तीन आठवड्यांनी चुलतभावाने विचारले की काही रक्कम देणे-घेणे ठरले तर कागदावर कसे येईल. वकीलबाईंचे उत्तर स्पष्ट होते. मोबदला ठरला तर तो दस्तात लिहावाच लागेल, आणि मग जवळच्या नातेवाइकांतल्या वारसाहक्काच्या मिळकतीसाठीची, केवळ ५०० रुपये शुल्काची सवलत न मिळता सोडलेल्या हिश्शाच्या बाजारमूल्यावर खरेदीखतासारखे मुद्रांक शुल्क लागेल. पैसे देऊन ‘विनामोबदला’ लिहिणारा दस्त मी करणार नाही, असेही त्या म्हणाल्या. (ऑक्टोबर २०२४ पूर्वी सवलतीचे हे शुल्क २०० रुपये होते.) अखेर काकूंनीच मुलाला सांगितले की भावजींच्या घराचे पैसे नकोत. मी हे आवर्जून लिहिते आहे, कारण त्यांनी नाही म्हटले असते तरी त्या चुकल्या नसत्या.

चुलतभाऊ मात्र निश्चिंत होता. काकांनी २०१८ मध्ये आपल्याला कुलमुखत्यारपत्र दिले आहे, त्यामुळे काकांच्या वतीने आणि बहिणीच्या वतीनेही आपणच सही करू, असे तो म्हणत होता. मुखत्यारपत्र देणारा गेला की मुखत्यारपत्रही संपते. करार अधिनियमाच्या कलम २०१ मध्येच ते आहे, आणि त्या कागदावर ‘न फिरवता येणारे’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते म्हणून आमच्या बाबतीत काही फरक पडत नव्हता. बहिणीने तर ते दिलेलेच नव्हते. ती मेलबर्नला असते. तिने इंटरनेटवरून एक नमुना घेऊन, स्थानिक नोटरीची सही घेऊन मार्चअखेर कागद पाठवला. त्यात मिळकत सांभाळण्याचा, भाड्याने देण्याचा आणि विकण्याचा अधिकार होता; विनामोबदला हक्क सोडण्याचा नव्हता. मुखत्यारपत्र काटेकोर वाचले जाते आणि जे लिहिलेले नाही ते दिलेले नाही असेच धरले जाते, म्हणून वकीलबाईंनी तो परत करून नवा मसुदा पाठवला. त्यात सदनिकेचे पूर्ण वर्णन, दस्ताचा प्रकार, लिहून घेणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, म्हणजे दुय्यम निबंधकासमोर, दस्त हजर करून कबुली देण्याचा अधिकार, हे सगळे वेगवेगळे लिहिले होते.

या वेळी बहिणीने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन सही केली. वेळ मिळायलाच काही आठवडे गेले. मेच्या सुरुवातीला कुरियर आले, आणि वकीलबाईंनी पहिली गोष्ट मागितली ती त्याचे पाकीट. परदेशात झालेल्या दस्तावर भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि तो कधी आला याचा पुरावा पाकिटावरचा शिक्काच असतो. आमच्याकडे पाकिटे त्याच दिवशी रद्दीत जातात. चुलतभावाने ते नेमके ठेवले होते.

आत्याचा प्रश्न निराळा होता. ती कोल्हापूरला, वय ७९, खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर अंथरुणाला खिळलेली. भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या वतीने दुसऱ्याने दस्त नोंदवायचा असेल तर तसे मुखत्यारपत्र निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोरच साक्षांकित व्हावे लागते. नोटरीचे चालत नाही. डॉक्टरांचा दाखला जोडून गृहभेटीचा अर्ज केला, आणि एप्रिलमध्ये तिथले अधिकारी घरी आले. त्यांनी आतेभावाला बाहेर जायला सांगून आत्याला एकटीला विचारले की हा कागद कशाचा आहे, कोणाच्या लाभाचा आहे, आणि तुमच्यावर कोणी जोर केला आहे का. आत्याला ते फार आवडले. मला फोनवर म्हणाली, ‘अगं, लग्नात सुद्धा मला इतकं कोणी विचारलं नव्हतं.’

नोंदणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. पुणे शहरात हवेलीच्या कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवता येतो, म्हणून काकूंना सोयीचे, जिने नसलेले कार्यालय निवडले. त्याआधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरावी लागते, सरकारी शुल्क ऑनलाइन भरण्याच्या ग्रास प्रणालीवर चलन भरावे लागते आणि वेळ आरक्षित करावी लागते. दस्त हाताळणी शुल्क पानांच्या संख्येवर असते, तेव्हा मसुदा विनाकारण लांबवू नये. नावे आधार कार्डावर जशी आहेत तशीच भरावीत, कारण काकूंचे माहेरचे नाव एका ठिकाणी आणि सासरचे दुसऱ्या ठिकाणी असल्याने आमचा तास त्यातच गेला. सर्व्हर बंद पडला, सुरू झाला, पुन्हा बंद पडला. आईच्या बोटांचा ठसा यंत्र घेईना. ओल्या रुमालाने बोट पुसून घेतल्यावर चौथ्या बोटाचा आला.

सगळ्यांत जास्त वेळ मी पाहत राहिले तो एक साधा, छापील नमुन्याचा कागद होता. मुखत्यारांना दस्ताबरोबर घोषणापत्र द्यावे लागते, की मुखत्यारपत्र लिहून देणारी व्यक्ती आज हयात आहे आणि तिने ते रद्द केलेले नाही. आतेभावाने सही करण्याआधी बाहेर जाऊन कोल्हापूरला फोन लावला, आत्याशी दोन वाक्ये बोलला आणि मग आत येऊन सही केली. चुलतभावाने मेलबर्नला संदेश पाठवला. त्या कागदावर आधी सही करून मग चौकशी करणारे लोक मी त्याच रांगेत पाहिले.

नोंदणी झाली म्हणजे दस्त निर्दोष झाला, असा एक समज आहे, आणि तो धोक्याचा आहे. दुय्यम निबंधक सही करणारा माणूस ओळखतो, कबुली घेतो, शुल्क पाहतो. सही करणाऱ्याकडे मुळात हक्क होता की नाही, याचा निवाडा त्याच्या टेबलावर होत नाही. म्हणून खरेदीदाराच्या वकिलांनी आमच्या नोंदणीकृत दस्तानंतरही वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, चारही मृत्यूंचे दाखले (आजोबांचासुद्धा, कारण ते आजीआधी गेले हे दाखवायचे होते) आणि मराठी वृत्तपत्रात चौदा दिवसांची जाहीर नोटीस मागितली. आधी त्यांनी दिवाणी न्यायालयाचा वारस दाखलाही मागितला होता. सर्व वारस स्वतःच दस्तात आहेत हे दाखवल्यावर तो आग्रह सोडला. तसा दाखला काढावा लागला असता तर जाहीर प्रकटन आणि हरकतींच्या मुदतीमुळे आणखी काही महिने सहज गेले असते.

खर्च असा झाला: वकिलांचे ४०,००० रुपये, त्यात मसुदे, शोध आणि सर्व भेटी आल्या, जाहीर नोटिशीचे साडेतीन हजार, कोल्हापूरची गृहभेट, कुरियर, प्रवास मिळून सुमारे बारा हजार. मूळ हक्कसोडपत्र २०१२ मध्ये नोंदवले असते तर याच्या एका अंशात भागले असते, आणि काका, काकू, आत्या कोणीच त्यात आले नसते. खरेदीदार थांबले, हे आमचे नशीब. इसाराच्या पावतीवर मुदत सहा महिन्यांची होती. ती दोघांच्या सह्यांनी लेखी वाढवून घेतली, कारण तोंडी ‘चालेल हो’ यावर आता कोणाचा भरवसा उरला नव्हता. खरेदीखत ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात झाले.

कर्वेनगरचे घर आईच्या नावे झाल्यावर तिने स्वतःहून मृत्युपत्राचा विषय काढला. त्याचे नियम पुन्हा वेगळे. नोंदणी सक्तीची नाही आणि मुद्रांकही लागत नाही. पण भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार हवेतच, त्यांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही माझीच सही’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्यांनी आपल्या सह्या त्याच्यासमोर केलेल्या असाव्यात. शेजारच्या काकांनी ‘पाठवून द्या, उद्या सही करून ठेवतो’ असे प्रेमाने सांगितले होते. ते तेवढेच नाकारले. आईने नोव्हेंबर २०२५ मध्ये, डॉक्टरांचा दाखला जोडून, मृत्युपत्र नोंदवलेही. साक्षीदार म्हणून माझी एक मैत्रीण आणि आईच्या योगवर्गातल्या शिक्षिका आल्या. दोघींना त्यात काही मिळणार नाही, दोघी आईहून पुष्कळ लहान आहेत आणि दोघी पुण्यातच राहतात. वाद झाला तर मृत्युपत्र सिद्ध करायला हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला न्यायालयात येऊन सांगावे लागते, म्हणून वकीलबाईंनी त्यांचे कायमचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांकही मसुद्यातच लिहून घेतले.